उपमासत्य : जैन वाङ्मयातील एक सूक्ष्म विचार

अनुयोगद्वारसूत्रात एक लहानसा प्रसंग आहे. झाडावरून गळणारे पिकले पान कोवळ्या पालवीला तिच्या पुढील अवस्थेची जाणीव करून देते. मात्र सूत्रकार तेथेच सांगून टाकतात की, पान आणि पालवी यांच्यात असे संभाषण कधी झाले नाही व होणारही नाही. भव्य जीवांना बोध व्हावा म्हणून योजिलेली ही उपमा होय. दृष्टांत सांगताच तो घडलेला नाही अशी कबुली देणारे ग्रंथ विरळाच.

या कबुलीमागे खरा पेच होता. सत्य हे साधूचे महाव्रत. मग मुक्या पानाच्या तोंडी शब्द घालणे हे असत्य भाषण ठरते काय? याचे उत्तर आगमांच्या भाषाविचारात मिळते. स्थानांग व प्रज्ञापना या सूत्रांत सत्याचे दहा प्रकार सांगितले असून त्यांत शेवटचे औपम्यसत्य आहे. तळे समुद्रासारखे आहे, असे म्हणणारा खोटे बोलत नाही. ते ऐकून तळ्यावर मीठ गोळा करायला कोणी जात नाही! 'डोंगर जळतो', 'भांडे गळते' ही व्यवहारसत्याची उदाहरणे. जळते ते गवत आणि गळते ते पाणी. जनपदसत्य समजावताना तर टीकाकारांनी कोकणाचे नाव घेऊन पाण्यासाठी 'पिच्च' हा शब्द दिला आहे. ज्या प्रदेशाची जी बोली, ती तेथे सत्यच.

दिगंबर परंपरेतील मूलाचार व आचार्य नेमिचंद्रांचा गोम्मटसार यांतही दशविध सत्य आहे. एखाद्या प्रकारात भेद असला तरी उपमासत्य दोन्ही परंपरांना मान्य आहे. गोम्मटसारातील व्यवहारसत्याचे उदाहरण आपल्याच स्वयंपाकघरातले वाटते : भात शिजत आहे. वस्तुतः शिजतात ते तांदूळ. भात शिजल्यावर होतो. उपमासत्यासाठी तेथे पल्योपमाचे उदाहरण आहे. केसांच्या सूक्ष्म तुकड्यांनी भरलेला तो खड्डा कोणी खणलेला नाही, तरीही काळाचे माप म्हणून तो सत्य आहे. पाठशाळेत खड्ड्याची लांबी-रुंदी पाठ होते. नावातच असलेली उपमा मात्र बहुधा निसटून जाते.

या विचाराचा भव्य विस्तार सिद्धर्षींनी केला. विक्रम संवत ९६२ मध्ये, म्हणजे इ.स. ९०६ साली, भिन्नमाल येथे त्यांची 'उपमितिभवप्रपंचा कथा' पूर्ण झाली. क्रोध, मान, माया, लोभ यांना तेथे पात्रांचे रूप मिळाले आहे. अशा रचनेला आधार म्हणून त्यांनी आगमांतील उपमांकडेच बोट दाखविले. आरंभी 'निष्पुण्यक' नावाच्या रोगी भिकाऱ्याची कथा येते आणि लगेच तिचा अर्थही उलगडला जातो. तो भिकारी दुसरा कोणी नसून आपणच, असे सिद्धर्षी सांगतात. अन्य कोणाकडे बोट न दाखविण्याचा हा विनय विशेष म्हटला पाहिजे.

या ग्रंथाची पहिली प्रत गणा नावाच्या साध्वीने लिहिली. प्रशस्तीत तिचा उल्लेख करताना सिद्धर्षींनी तिला श्रुतदेवतेची उपमा दिली आहे.