इंडी

विजापूर जिल्ह्यातल्या इंडी गावाशी या शब्दाचं काही नातं नाही. ‘इंडिपेंडंट’ची शेपटी छाटून तो झाला आणि ब्रिटनमध्ये सुरुवातीला त्याचा अर्थ निव्वळ धंद्यातला होता. जानेवारी १९८० मध्ये तिथे स्वतंत्र कंपन्यांच्या तबकड्यांची वेगळी खपाची यादी सुरू झाली. अट वितरणाची: माल बड्या कंपन्यांच्या हातून दुकानात आलेला नसावा. गाणं कसंही चालेल! त्यामुळे कायली मिनोगसारखी चकचकीत पॉप गायिकाही त्या यादीत झळकली. १९८६ मध्ये ‘एनएमई’ साप्ताहिकाने ‘सी८६’ ही कॅसेट काढली आणि किणकिणत्या गिटारी, जरा कच्चा आवाज हा अर्थ शब्दाला चिकटला. पुढे बड्यांनीही याच नावाने माल खपवला, ते सोडा.

जुन्या अर्थाचं इंडी ऐकायचं तर न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनच्या ‘द क्लीन’ या बँडपासून सुरुवात करा. त्यांचं ‘टॅली हो!’ १९८१ मध्ये ख्राइस्टचर्चच्या ‘फ्लाइंग नन’ या स्वतंत्र कंपनीने काढलं. किरकोळ खर्चात मुद्रित झालेलं हे गाणं न्यूझीलंडच्या खपाच्या यादीत १९ व्या क्रमांकावर पोचलं. त्यातला उड्या मारणारा ऑर्गन मार्टिन फिलिप्सचा. त्याच्याच ‘द चिल्स’ या बँडचं ‘पिंक फ्रॉस्ट’ मला त्याहून सरस वाटतं. तेवढं हेडफोन लावून ऐका.