कोसंबींचा तराजू आणि माणचे वीरगळ

माणदेशातल्या गावांत मारुतीच्या नाहीतर महादेवाच्या देवळापाशी तीन-चार चौकटींची एखादी शिळा उभी दिसते. खाली गाई आणि लढताना पडलेला माणूस, मध्ये त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, त्यावर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्रसूर्य. हा वीरगळ. राजांचा माग ताम्रपटांतून लागतो: राष्ट्रकूटांच्या एका जुन्या घराण्याचे मानपूर म्हणजे साताऱ्याचे माण, असे इतिहाससंशोधक वा. वि. मिराशींनी मांडले, ते ताम्रपटांच्याच आधारे. गुरांसाठी जीव दिलेल्या माणसाच्या नावे ताम्रपट नसतो. त्याची एकटी शिळा फार बोलत नाही. शेकडो शिळा मापांसह एकत्र मांडल्या, तर मात्र बोलू लागतात.

आज ही मांडणी संगणक करतो. पण आपल्याकडे या रीतीचे मूळ एका तराजूपाशी आहे.

दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत होते. संख्याशास्त्र आत्मसात करायला त्यांनी प्रश्न निवडला तो चांदीच्या आहत नाण्यांचा. या नाण्यांवर ना राजाचे नाव, ना साल, नुसते ठसे. 1924 साली तक्षशिलेच्या भीर टेकाडात अशा नाण्यांचा मोठा साठा सापडला होता. त्यातच अलेक्झांडरची दोन कोरी करकरीत नाणी होती, म्हणून साठा केव्हा पुरला गेला याचा अंदाज होता. पण त्यातले कोणते नाणे आधीचे, कोणते नंतरचे?

कोसंबींनी साधी गोष्ट हेरली. हातोहात फिरताना नाणे झिजते. अधूनमधून पारख करणारे त्याच्या मागच्या बाजूला बारीक ठसा मारत. मागचे ठसे जितके जास्त, तितके सरासरी वजन कमी, आणि ही घट जवळजवळ सरळ रेषेत चालते. म्हणजे झीज हेच घड्याळ झाले. एका नाण्यावरून काहीच सिद्ध होत नाही, कारण पाडतानाच वजनात फरक राहतो. म्हणून हजारो नाणी तोलणे आले. खात्रीसाठी त्यांनी आपल्या काळातली चलनी नाणीही तोलून पाहिली. 1940 पासून हे लेख प्रसिद्ध होऊ लागले. मला यातले गणित मोठे वाटतेच, पण त्याहून मोठी वाटते ती एकेक नाणे उचलून तोलण्याची चिकाटी.

पुढे ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले आणि 1948-49 मध्ये युनेस्कोच्या शिष्यवृत्तीवर इंग्लंड-अमेरिकेत गणनयंत्रे अभ्यासून आले. त्याच संस्थेत टिफ्रॅक हा देशी संगणक उभा राहिला. मोजण्याची ही रीत पुढे लिपीपर्यंतही पोचली: लिपीचे अभ्यासक इरावतम महादेवन यांनी सिंधू लिपीच्या लेखांची संगणकाच्या साहाय्याने सूची रचली. 417 चिन्हांची ती सूची 1977 साली छापली गेली, आणि 2009 मध्ये निशा यादव, मयंक वाहिया आणि राजेश राव प्रभृतींनी तिच्याच आधारे चिन्हांच्या क्रमातली शिस्त मोजली. लिपी अजून वाचता आलेली नाही. नोंद नीट होती, म्हणून बत्तीस वर्षांनी तिला नवा प्रश्न विचारता आला.

कोसंबी पायीही खूप हिंडले. धनगरांच्या वाटांवर त्यांना अश्मयुगातली बारीक दगडी हत्यारे सापडत. माणचे वीरगळ अशाच वाटांच्या नकाशावर मांडता येतील: गाईंसाठीच्या लढाया नदीकाठी जास्त झाल्या, की घाटाच्या तोंडाशी? आज हे काम संगणकावर थोड्या वेळात होईल, पण मापे कुणीतरी जागेवर जाऊन घ्यायला हवीत.

देवळाच्या जीर्णोद्धारात शिळेला ऑइलपेंट लागतो, ती सिमेंटमध्ये बसते, कधी पायरी होते. तेव्हा माणच्या तरुणांना एवढेच सांगणे आहे: आपल्या गावातल्या प्रत्येक वीरगळाची उंची, रुंदी, चौकटींची संख्या आणि फोनवर दिसणारे अक्षांश-रेखांश वहीत लिहा. ऊन तिरपे असताना, भोवती फिरत, एकमेकांवर येतील असे फोटो काढा. त्यांतून शिळेची त्रिमितीय प्रतिकृती करता येते. आणि हे सगळे शिळा जागची हलण्याआधी करा.