माल होता, पण संगणकाला दिसला नाही

ऑर्डर, गोदाम, खरेदी, हिशेब हे सगळं एकाच प्रणालीत आणणारं सॉफ्टवेअर म्हणजे ईआरपी. ते कंपनीत बसवणं इतकं अवघड का जातं, हे आज एका घटनेतून पाहू.

हर्शी ही अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाची चॉकलेट कंपनी. १९९६ च्या अखेरीस तिने जुनी संगणकव्यवस्था बदलायला घेतली. खर्च सुमारे ११ कोटी २० लाख डॉलर. सॅपचं आर/३, मॅन्युजिस्टिक्सचं नियोजनाचं आणि सिबेलचं ग्राहकव्यवहाराचं, अशी तीन कंपन्यांची सॉफ्टवेअर एकमेकांना जोडायची होती. सल्ला होता ४८ महिन्यांचा. हर्शीला काम ३० महिन्यांत हवं होतं. कारण २००० साल जवळ आलं होतं. जुन्या प्रोग्रॅममध्ये वर्षाचे दोनच आकडे असत, त्यामुळे १ जानेवारीला काय होईल याची सगळ्यांनाच धास्ती होती.

एप्रिल १९९९ चा मुहूर्त हुकला आणि जुलै उजाडला. जुलै म्हणजे हॅलोविनच्या ऑर्डरी येण्याचा काळ. आपल्याकडे एखाद्या हलवायाने ऐन दिवाळीच्या तोंडावर वही, काटा आणि गल्ला एकाच दिवशी बदलावा, तसं झालं. सुमारे १० कोटी डॉलरच्या ऑर्डरी वेळेवर गेल्या नाहीत. तिसऱ्या तिमाहीचा नफा १९ टक्क्यांनी घसरला.

आता गंमत बघा. माल तयार होता! हंगामात जादा माल कारखान्यातल्या रिकाम्या जागेत, तात्पुरत्या भाड्याच्या गोदामांत ठेवायची तिथे रीत होती. कुठे काय ठेवलंय, हे जुन्या कामगारांना तोंडपाठ. पण अशा जागा नव्या प्रणालीत नोंदवल्याच गेल्या नव्हत्या, असं या प्रकरणाच्या नंतरच्या विश्लेषणांत पुढे आलं. म्हणजे प्रणालीच्या लेखी तो माल नव्हताच.

माझ्या मते खरी अडचण इथे आहे. कंपनीचं निम्मं कामकाज कागदावर असतं, उरलेलं माणसांच्या सवयीत. सॉफ्टवेअरला फक्त पहिलं सांगितलं जातं. दुसरं शोधायला त्या माणसांजवळ बसावं लागतं, आणि घाईत नेमका तोच वेळ कापला जातो.

पुढे २००२ मध्ये हर्शीने सॅपचीच नवी आवृत्ती सुरळीत बसवली. तेव्हा दोष एकट्या सॉफ्टवेअरवर ढकलता येत नाही. तुमच्या कार्यालयात नवी प्रणाली येणार असेल, तर गोदामातल्या सर्वांत जुन्या माणसाला कुणी काही विचारलंय का, एवढं जरूर पाहा.