कल्पित ग्रहांची कुळकथा

गेल्या उन्हाळ्यांत कांहीं दिवस शिरवळास राहण्याचा योग आला. संध्याकाळीं नीरेच्या काठीं, सुभानमंगळ भुईकोटाची जागा आहे त्या बाजूस फिरावयास जाण्याचा परिपाठ होता. बरोबर भाचा असे. तो यंदा दहावींत आहे. एके दिवशीं त्यानें मोठ्या संकोचानें एक वही माझ्या हातीं दिली. तींत त्यानें एक नवाच ग्रह निर्माण केला होता. त्या ग्रहाला वीस दिवसांचें वर्ष, शंभर किलोमीटर उंचीचे डोंगर, जांभळीं अरण्यें, आणि ग्रहभर बारमाही पाऊस! गांवांचीं आणि राजांचीं नांवेंही मोठीं भारदस्त होतीं. "मामा, हें खरें वाटतें का?" असें त्यानें विचारलें. "गोष्ट बरी आहे," एवढें म्हणून मीं वेळ मारून नेली; पण त्याचा प्रश्न कांहीं मला सोडीना. जो ग्रह मुळांत नाहींच, तो खरा वाटावा म्हणजे काय व्हावें? आणि खोट्याला खरेपणाची कसोटी लावण्याचा हा उद्योग मनुष्यानें केव्हांपासून आरंभिला? या शोधांत जें हातीं लागलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहें.

नवे लोक निर्माण करण्याच्या कामीं आमचे पूर्वज कोणाला हार जाणारे नव्हते. सात द्वीपें, त्यांना वेढून असणारे उसाच्या रसाचे, तुपाचे, दह्यादुधाचे समुद्र, मध्यें मेरु, वर सात लोक आणि खालीं सात पाताळें, असा पुराणांचा अफाट संसार आहे. हें वैभव मोठें. पण त्याला हिशेब नाहीं. दह्याचा समुद्र आंबून कां जात नाहीं, असें विचारणाऱ्या श्रोत्याची पुराणिकानें काय संभावना केली असती, हें सांगावयास नकोच. यांत पुराणांना दोष देण्याचें कारण नाहीं, कारण त्यांचा हेतु निराळा होता. परंतु कल्पित जगाची एक जात ही, हें ध्यानांत ठेवावें: येथें नुसतें नांव उच्चारलें कीं जग उभें राहतें.

दुसरी जातही आमच्याकडे होती, आणि तिची गोष्ट अधिक नवलाची आहे. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ मधला. सह्याद्रीच्या आश्रयास राहणाऱ्या या पुरुषानें वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं, ११५० मध्यें, 'सिद्धान्तशिरोमणि' हा ग्रंथ पुरा केला. पितर चंद्रावर राहतात, ही श्रद्धा तेव्हां सर्वमान्य होती. सिद्धान्तकारांनीं ती मोडली नाहीं. त्यांनीं तिला गणित लावलें. चंद्राची एकच बाजू आपल्याकडे असते. पितर पलीकडच्या, वरच्या अंगास राहतात असें धरलें, तर त्यांना सूर्य केव्हां दिसेल? अमावास्येस सूर्य चंद्राच्या पलीकडे असतो. म्हणून आपली अमावास्या ती पितरांची भर दुपार. पौर्णिमा ही त्यांची मध्यरात्र. वद्य अष्टमीच्या सुमारास त्यांचा सूर्योदय आणि शुद्ध अष्टमीच्या सुमारास सूर्यास्त. याप्रमाणें आपला एक चांद्रमास तो त्यांचा एक अहोरात्र ठरला. कल्पना भास्कराचार्यांच्याही पूर्वीची आहे. त्यांनीं ती गोलाध्यायांत फोड करून सांगितली. मेरूवरच्या देवांचा दिवस सहा महिन्यांचा कां, याचेंही उत्तर त्यांनीं असेंच काढलें. कारण मेरु म्हणजे उत्तर ध्रुव असें धरलें, कीं तेथें सूर्य सहा महिने मावळत नाहीं, हें भूमितीनेंच ठरतें. पितर कोणी पाहिले नाहींत. पण त्यांचा सूर्योदय चुकलेला नाहीं. कल्पित जगाला नियमांचें कुंपण घालण्याची ही रीत माझ्या मतें फार मोलाची आहे.

पुढें सुमारें पांचशें वर्षांनीं युरोपांत केप्लरनें हाच प्रश्न हातीं घेतला. ग्रहांच्या गतीचे नियम शोधून काढणारा हा ज्योतिषी तारुण्यांत ग्राट्स येथें गणिताचा शिक्षक होता. त्याचें 'सोम्नियम', म्हणजे 'स्वप्न', हें पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १६३४ मध्यें छापलें गेलें. त्यांत चंद्रावरच्या रहिवाशांना आकाश कसें दिसेल याचें वर्णन आहे. चंद्राच्या एका अर्ध्या भागांतून पृथ्वी सदैव दिसते, दुसऱ्या अर्ध्या भागांतून कधींच दिसत नाहीं. आणि दिवस व रात्र सुमारें पंधरा पंधरा दिवसांची. भास्कराचार्यांचें नांव केप्लरच्या कानीं गेलें असेल असें मानण्यास कांहीं आधार नाहीं. दोघांचें उत्तर जुळलें, कारण भूमिति दोघांचीही एकच होती. परंतु केप्लर आणखी एक पाऊल पुढें गेला. इतका लांब आणि रखरखीत दिवस असेल तेथें प्राणी कसे असतील, असें त्यानें स्वत:ला विचारलें, आणि उन्हापासून बिळांत व पाण्यांत दडणारे, झपाट्यानें वाढून लवकर मरणारे जीव रंगविले. आमच्याकडे हें पाऊल पडलें नाहीं. सूर्य हिशेबानें उगवला, पण त्याच्या उन्हानें पितर कांहीं बदलले नाहींत.

आतां मराठीकडे वळूं. सातारा जिल्ह्यांतील कऱ्हाडजवळचें टेंभू हें आगरकरांचें जन्मगांव म्हणून सर्वांस ठाऊक आहे. त्याच गांवीं १८५३ मध्यें कृष्णाजी नारायण आठल्ये जन्मले. त्यांनीं दूर कोचीनला राहून 'केरळकोकिळ' हें मराठी मासिक चालविलें, आणि विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर त्याच मासिकांतून जूल व्हर्नची चंद्रप्रवासाची गोष्ट 'चंद्रलोकची सफर' या नांवानें मराठी वाचकांस मिळाली. साताऱ्याकडच्या माणसानें मलबारच्या किनाऱ्यावरून फ्रेंच लेखकाचा चंद्र मराठी घरांत पोहोंचवावा, हा योग मोठा गमतीचा खरा. पण तो चंद्र उसना होता. प्रवास आला, यंत्रें आलीं, धाडस आलें. ग्रह घडविण्याचें काम मात्र दुसऱ्यानें केलेलें होतें.

तें काम स्वत:च्या हातानें करणारा मराठी पुरुष त्याच सुमारास बागलकोटास होता, आणि तो कथालेखक नव्हता. 'ज्योतिर्गणित' व 'ग्रहगणित' या ग्रंथांचे कर्ते व्यंकटेश बापूजी केतकर (१८५४–१९३०) हे शिक्षणखात्यांतील शिक्षक. गुरूचे तीन चंद्र एका विलक्षण तालांत फिरतात: पहिल्याच्या चार फेऱ्या होतात तोंवर दुसऱ्याच्या दोन आणि तिसऱ्याची एक. लाप्लासनें दाखविलेला हा ताल केतकरांनीं युरेनस व नेपच्यून यांच्या पलीकडे लावून पाहिला, आणि तेथें आणखी दोन ग्रह असले पाहिजेत असें अनुमान १९११ मध्यें फ्रान्सच्या ज्योतिषसंस्थेच्या पत्रिकेंत प्रसिद्ध केलें. त्यांना नांवें दिलीं ब्रह्मा आणि विष्णु. ब्रह्म्याचें सूर्यापासून अंतर पृथ्वीच्या अंतराच्या ३८.९५ पट, आणि प्रदक्षिणेचा काळ २४२.२८ वर्षें. १९३० च्या फेब्रुवारींत अमेरिकेंत टॉम्बोला प्लूटो सांपडला. त्याचें अंतर ३९.४८ पट आणि प्रदक्षिणेचा काळ सुमारें २४८ वर्षें! त्याच वर्षीं केतकर वारले.

येथें लेखणी जरा आंवरून धरली पाहिजे. प्लूटो आमच्या केतकरांनींच शोधला, असें म्हणण्याचा मोह कोणाही मराठी माणसाला होईल. पण केतकरांनीं अंतर व काळ सांगितला. तो ग्रह आकाशांत कोठें पाहावा हें सांगितलें नाहीं. त्यांचा विष्णु आजवर कोणास आढळलेला नाहीं. तिकडे ज्या लॉवेलच्या गणितावरून अमेरिकेंतील शोध चालला होता, तें गणितही योगायोगानेंच जुळलें असें पुढें ठरलें. कारण १९७८ मध्यें प्लूटोचा चंद्र सांपडून त्याचें वजन कळलें, तेव्हां मोठ्या ग्रहांस ढकलण्याइतकें त्याच्या अंगीं बळच नाहीं असें दिसून आलें. आणि २००६ मध्यें तर प्लूटोला ग्रहांच्या पंक्तींतूनच उठविण्यांत आलें. मग केतकरांच्या ब्रह्म्याला काय म्हणावें? माझ्या मतें तो एक उत्तम कल्पित ग्रह होता. तो नियमांतून जन्मला, त्याच्या अंतराशीं त्याचें वर्ष बरोबर बसतें, आणि तो चूक ठरण्याची तयारी ठेवून जगापुढें आला. यांत केतकरांचा उणेपणा नाहीं. त्यांना न केलेल्या शोधाचा मान चिकटविण्यानें मात्र त्यांनीं खरोखर केलेलें काम झांकलें जातें.

कथेसाठीं ग्रह घडविण्याची कला पुढें एका अमेरिकन शाळामास्तरानें शास्त्रापाशीं आणून भिडविली. हॅल क्लेमंट हें त्याचें लेखनांतलें नांव. शाळेंत तो विज्ञान शिकवी. १९५३ मध्यें त्याच्या 'मिशन ऑफ ग्रॅव्हिटी' या कादंबरींत मेस्क्लिन नांवाचा ग्रह आला. हा ग्रह इतक्या वेगानें स्वत:भोंवतीं फिरतो कीं त्याचा दिवस अठरा मिनिटांहूनही लहान. त्यामुळें तो चपटा झाला आहे. विषुववृत्तावर वजन पृथ्वीच्या तिप्पट, तर ध्रुवाकडे कित्येक शेंपट भरतें. तेथले रहिवासी सुरवंटासारखे, जमिनीलगत सरपटणारे. पडण्याची त्यांना विलक्षण धास्ती. हा ग्रह कसा रचला तें क्लेमंटनें एका स्वतंत्र लेखांत सांगितलें, आणि त्यांतील चुका काढण्यास वाचकांस खुशाल बोलावलें. केप्लर, केतकर व क्लेमंट या तिघांनींही मुलांना गणित वा विज्ञान शिकविलें, हा निव्वळ योगायोग असेल. पण उत्तराबरोबर रीत मागणारा मास्तरच असला ग्रह घडवूं शकतो, असें मात्र वाटून जातें.

मराठींत शास्त्रीय कथेला खरी प्रतिष्ठा १९७४ नंतर आली. मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेंत नारायण विनायक जगताप या टोपणनांवानें 'कृष्णविवर' ही कथा आली, ती जयंत नारळीकरांची होती. नारळीकर २०२५ च्या मे महिन्यांत निवर्तले. त्यांनीं नियमाला धरून कल्पना करण्याचा वस्तुपाठ घालून दिला. परंतु त्यांच्या गाजलेल्या कथा बहुतेक याच पृथ्वीवर घडतात. संदेश तिकडून येतात, ऐकणारे आपण. परक्या ग्रहावर संसार मांडून तेथील वारा-पाणी, पीक आणि पंचांग हिशेबानें उभें करणारी कथा मराठींत क्वचितच आढळते. आतां तर सबबही उरलेली नाहीं. १९९५ मध्यें सूर्यासारख्या दुसऱ्या एका ताऱ्याभोंवतीं ग्रह सांपडला; त्याचें वर्ष अवघ्या सव्वाचार दिवसांचें. त्यानंतर असे पांच हजारांहून अधिक ग्रह आढळले आहेत, आणि त्यांतील एकाचें 'सांतमस' हें संस्कृत नांव भारताकडून २०१९ मध्यें ठेवलें गेलें.

असो. भाच्याची वही घेऊन आम्ही दोघे पुन्हां बसलों. वीस दिवसांचें वर्ष हवें, आणि सूर्य आपल्यासारखा, तर ग्रह पृथ्वीच्या सातव्या हिश्शाइतक्या अंतरावर आणावा लागतो; तेथें ऊन जवळजवळ पन्नासपट. जांभळीं अरण्यें एका दिवसांत कोळसा होतील. मग सूर्य मंद, तांबडा, खुजा घेतला. ऊन सोसवेल असें झालें. पण इतक्या जवळच्या ग्रहाची एकच बाजू बहुधा सूर्याकडे राहते, जशी चंद्राची आपल्याकडे. एकीकडे न संपणारा दिवस, दुसरीकडे न संपणारी रात्र. डोंगरांचेंही तसेंच. एव्हरेस्ट पावणेनऊ किलोमीटरांचा. मंगळावर वजन पृथ्वीच्या तीन-अष्टमांश, म्हणून तेथला पर्वत बावीस किलोमीटरांपर्यंत पोहोंचतो. शंभर किलोमीटरांचा डोंगर तोलावयाचा, तर ग्रहाचें आकर्षण फारच कमी पाहिजे; आणि आकर्षण गेलें कीं हवा निसटली, हवा निसटली कीं पाऊस गेला. भाच्यानें मुकाट्यानें डोंगर दहा किलोमीटरांवर आणले.

"पण पाऊस तरी सगळीकडे ठेवूं द्या," तो म्हणाला. मीं त्याला पश्चिमेकडे पाहावयास सांगितलें. महाबळेश्वरास वर्षाकाठीं ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस. तेथून सरळ पूर्वेस ऐंशी किलोमीटरांवर फलटणला जेमतेम ५०० च्या आसपास. मध्यें एक सह्याद्रि आडवा आहे, एवढेंच. शिरवळ या दोहोंच्या मधोमध. म्हणून येथें माणसें जून लागला कीं ढगांकडे डोळे लावून बसतात आणि नीरेला पाणी केव्हां चढेल तें विचारतात. पृथ्वीचा अक्ष साडेतेवीस अंशांनीं कलता आहे, म्हणून मे महिन्याच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस सूर्य शिरवळच्या अगदीं डोक्यावर येतो. तो अक्ष उभा केला, तर ऋतु गेले, मोसमी वारा गेला, आणि आम्ही बसलों होतों तो काठही गेला. ज्याला आपल्या गांवचा पाऊस कोठून येतो हें ठाऊक नाहीं, त्यानें दुसऱ्या ग्रहावर पाऊस पाडूं नये, असें मीं त्याला सांगितलें. तें त्याला पटलें असावें. कारण त्याच्या नव्या खर्ड्यांत डोंगराच्या पलीकडे एक कोरडें गांव आलें आहे, आणि तेथील एक म्हातारी वाऱ्याची वाट पाहत बसलेली आहे. राजे मात्र सगळे गळाले.

ग्रह अद्याप पुरा झालेला नाहीं. परवां त्याचें पत्र आलें. त्यांत तो विचारतो: "मामा, आपल्या ग्रहाच्या उजेडाच्या बाजूस सूर्य मावळतच नाहीं, आणि चंद्रही आपण ठेवलेला नाहीं, मग तेथल्या लोकांनीं आपल्या पितरांचें श्राद्ध कोणत्या तिथीस करावें?" भास्कराचार्य असते तर त्यांनीं उत्तर काढून दिलें असतें. मला तें आलेलें नाहीं. वाचकांपैकीं कोणास सुचल्यास अवश्य कळवावें.