एकाच फाईलमधली दोन पुस्तकं

संदर्भासाठी ई-पुस्तक वापरताना आपण एक गोष्ट गृहीत धरतो: तुमच्या यंत्रावरचं पुस्तक आणि माझ्या यंत्रावरचं पुस्तक एकच आहे. हे कितपत खरं आहे? किंडलचा इतिहास बघा.

पहिलं किंडल नोव्हेंबर २००७ मध्ये आलं. त्याचा फॉरमॅट मोबीपॉकेटच्या फॉरमॅटवर बेतलेला होता. ही फ्रेंच कंपनी ॲमेझॉनने २००५ मध्येच विकत घेतली होती. ठळक अक्षरं, तिरपी अक्षरं, साधे तक्ते एवढं त्यात जमायचं. प्रकाशकाला स्वतःचा फॉन्ट घालता येत नव्हता, की चित्राच्या बाजूने मजकूर वळवता येत नव्हता.

२०११ मध्ये ॲमेझॉनने केएफ८ हा नवा फॉरमॅट जाहीर केला. आता फॉन्ट, मांडणी, चित्रं सगळंच सुधारलं. पण पहिल्या दोन पिढ्यांच्या किंडलवर तो चालतच नव्हता! ज्यांनी ती यंत्रं विकत घेतली होती, त्यांना वाऱ्यावर सोडायचं का?

तोडगा असा निघाला. किंडलजेन हे ॲमेझॉनचं साधन एकाच फाईलमध्ये पुस्तकाची जुनी आणि नवी अशी दोन्ही रूपं भरायचं. ज्याचं जसं यंत्र, तसं रूप त्याच्यापर्यंत पोचायचं. शिवाय प्रकाशकाला दोन्हींसाठी वेगळे नियम लिहिता यायचे. एखादा भाग फक्त जुन्या यंत्रावर दाखवायचा, नव्यावर लपवायचा, हेही शक्य होतं.

खरी गोम इथे आहे. समजा, एका पुस्तकात गुंतागुंतीचा तक्ता आहे. नव्या यंत्रासाठी प्रकाशकाने खरा तक्ता ठेवला आणि जुन्यासाठी त्याचं चित्र. आता तुम्ही त्यातला एखादा शब्द शोधलात, तर नव्या यंत्रावर तो सापडेल. जुन्यावर सापडणार नाही, कारण चित्रातली अक्षरं यंत्राच्या लेखी अक्षरंच नाहीत. पुस्तक एक, नाव एक, पण दोन अभ्यासकांचे निष्कर्ष वेगळे.

पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती करताना हस्तलिखितांमधले पाठभेद नोंदवले, हे तुम्हाला माहीत असेलच. तिथे भेद लेखनिकांच्या हातून झाले. इथे ते मुद्दाम, वाचकाच्या सोयीसाठी केले गेले. हेतू चांगलाच होता, पण पाठभेद तो पाठभेदच.

म्हणून संदर्भ देताना नुसतं 'किंडल आवृत्ती' लिहून भागत नाही. कोणत्या यंत्रावर किंवा ॲपवर वाचलंत, फॉरमॅट कोणता, कधी वाचलंत, हे वहीत टिपून ठेवा. 'अमुक शब्द पुस्तकात नाही' असं म्हणायच्या आधी दुसऱ्या यंत्रावरही तपासा. आणि जुनं यंत्र कपाटात पडलं असेल, तर भंगारात देऊ नका. पुस्तकाचं जुनं रूप कदाचित फक्त त्याच्यावरच शिल्लक असेल.