धारवाली माला कुठे गेली? 'जंजीर' : १९७३ ते २०१३

मिरकरवाड्याच्या बंदरावर पावसाळ्यातल्या बंदीच्या दिवसांत गेलात, तर होड्या नांगरलेल्या दिसतात आणि माणसे जाळी दुरुस्त करत बसलेली असतात. अशाच एका दुपारी आम्ही चार कार्यकर्ते ताडपत्रीखाली बसलो होतो. कुणीतरी मोबाईलवर नवा 'जंजीर' लावला. शेजारी जाळे विणणारे एक वयस्क तांडेल चाचा अर्धा तास काही बोलले नाहीत. मग त्यांनी एवढेच विचारले, "अरे, ती सुऱ्यांना धार लावणारी पोरगी कुठं गेली?"

सगळे हसले. मला मात्र हसू आले नाही. चाचांनी एका वाक्यात जे विचारले, त्याचे उत्तर शोधायचे तर चाळीस वर्षांचा इतिहास उलगडावा लागतो.

१९७३ चा पडदा आणि १९७२ चा रस्ता

प्रकाश मेहरा यांचा 'जंजीर' मे १९७३ मध्ये आला. लेखक सलीम-जावेद. अनेक मोठ्या नटांनी नाकारलेली इन्स्पेक्टर विजय खन्नाची भूमिका अमिताभ बच्चन यांच्याकडे आली आणि हिंदी सिनेमाला 'अँग्री यंग मॅन' मिळाला, हे आपल्याला शंभर वेळा सांगितले गेले आहे. पण हा राग आला कुठून, हे सहसा सांगितले जात नाही.

त्या वेळचा महाराष्ट्र डोळ्यांसमोर आणा. १९७२ चा दुष्काळ. खडी फोडणारे हात. अस्पृश्यतेचे भीषण वास्तव मांडणारा एलायापेरुमल समितीचा अहवाल १९७० मध्ये संसदेसमोर आला होता आणि सरकार ढिम्म होते. बावड्यात दलितांवर बहिष्कार, ब्राह्मणगावात दलित महिलांची विटंबना. त्याच १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले यांच्या पिढीने दलित पँथर उभी केली. १५ ऑगस्ट १९७२ च्या 'साधना' विशेषांकातील ढाले यांच्या 'काळा स्वातंत्र्यदिन' या लेखाने महाराष्ट्र हादरला.

सलीम-जावेदनी पँथरवरून 'जंजीर' लिहिला, असा माझा दावा नाही. माझे म्हणणे साधे आहे. राग आधी रस्त्यावर होता, पडद्यावर तो नंतर आला. आणि पडद्यावर येताना त्याने वर्दी घातली, खन्ना आडनाव घेतले आणि तो एकट्याचा सूड झाला. रस्त्यावरचा राग संघटनेचा होता. त्याच्याकडे जाहीरनामा होता, छावण्या होत्या, मोर्चे होते. जुना 'जंजीर' डोक्यावर घेताना हा फरक विसरून चालणार नाही.

तरीही जुन्यात काय होते?

जुन्यात माला होती. जया भादुरींनी साकारलेली माला रस्त्यावर फिरून चाकू-सुऱ्यांना धार लावते. आपल्याकडे शिकलगारांनी पिढ्यानपिढ्या केलेले हे काम. सिनेमा तिची जात सांगत नाही. हिंदी सिनेमा जात सांगायला नेहमीच घाबरत आला. पण तिचे काम सांगतो, तिची गरिबी सांगतो. तेजाच्या टोळीचा ट्रक मुलांना चिरडून जातो आणि ते पाहणारी साक्षीदार हीच माला असते. गप्प राहण्यासाठी तिला पैसे दिले जातात आणि ती गप्प राहते. विजय तिला त्या मुलांची प्रेते दाखवतो, तेव्हा ती बोलते.

लोकांना मारामारी आठवते, शेरखानच्या भूमिकेतले प्राण आठवतात. माझ्या मते त्या सिनेमाचा कणा मालाच्या साक्षीत आहे. ज्याच्याकडे काहीच नाही, त्याने खरे बोलायचे ठरवले की टोळीची पहिली कडी तुटते.

२०१३ : माला परदेशातून येते

सप्टेंबर २०१३ मध्ये अपूर्व लाखिया यांचा 'जंजीर' आला. राम चरण, प्रियांका चोप्रा, संजय दत्त, प्रकाश राज. पैसा होता, नावे होती, तेलुगूतही तो 'तुफान' म्हणून आला. सिनेमा आपटला. समीक्षकांनी अभिनयाला आणि पटकथेला दोष दिला. तो दोष खरा असेलही. पण मूळ दुखणे वेगळे आहे.

नव्या सिनेमातली माला अनिवासी भारतीय आहे. ती फेसबुकवरच्या मैत्रिणीच्या लग्नासाठी अमेरिकेतून येते आणि एका खुनाची साक्षीदार होते. म्हणजे धार लावण्याचे चाक गेले, रस्ता गेला, भूक गेली. पासपोर्ट आला. जिला परतीच्या विमानाने निघून जाता येते, तिच्या साक्षीत कसली आली जोखीम? गल्लीतल्या मालाला त्याच गल्लीत राहायचे असते. हा धोका काढून टाकला की उरते ती नुसती हाणामारी.

आणखी एक गोष्ट. नव्या 'जंजीर'मधला तेजा तेलमाफिया आहे. हा विषय महाराष्ट्राच्या जखमेवरचा होता. २५ जानेवारी २०११ रोजी, प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी, मनमाडजवळ तेलभेसळ रोखायला गेलेले अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भरदिवसा जिवंत जाळण्यात आले. राज्यभरातील सरकारी कर्मचारी काम बंद करून रस्त्यावर आले. एवढे जळते वास्तव समोर असताना सिनेमाने काय केले? तेजाला आलिशान बंगला आणि मोना डार्लिंग दिली. भेसळीच्या तेलाचा पैसा कुणाकुणाच्या खिशात जातो, हा प्रश्न तसाच राहिला.

मूळ कथा लिहिणाऱ्या सलीम-जावेदना तर या पुनर्निर्मितीच्या वेळी आपल्या हक्कासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली. कष्ट एकाचे आणि नाव-पैसा दुसऱ्याचा, ही रीत आपल्या ओळखीची आहे.

साक्ष म्हणजे काय, हे आपल्याला विचारा

मित्रांनो, एका पडेल सिनेमावर एवढे का लिहायचे? कारण साक्ष हा आपल्या चळवळीच्या जगण्या-मरण्याचा प्रश्न आहे.

महाडचे चवदार तळे आपण २० मार्च १९२७ च्या दिवसाने ओळखतो. पण त्याच वर्षी सवर्णांनी दावा लावला आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आला १७ मार्च १९३७ रोजी. म्हणजे ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षे कोर्ट. जबान्या झाल्या, कागदपत्रे तपासली गेली, तळे कुणाच्या मालकीचे आणि वहिवाट किती जुनी यावर खल झाला. बाबासाहेबांनी सत्याग्रह केला आणि पुरावाही सोडला नाही.

आता खर्डा आठवा. २८ एप्रिल २०१४ रोजी नितीन आगे या आपल्या कोवळ्या पोराचा खून झाला. नोव्हेंबर २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले, कारण एकामागून एक साक्षीदार फितूर झाले. ते सगळे जन्मजात खोटारडे होते का? ज्यांना त्याच गावात पाणी भरायचे, त्याच शेतावर मजुरीला जायचे, त्यांच्या जिभेवर कुणाचा पाय असतो, हे आपण जाणतो. १९७३ ची माला आधी गप्प बसते, ती याच भीतीने. म्हणून ती खरी वाटते.

अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने पीडित आणि साक्षीदारांच्या हक्कांचे स्वतंत्र प्रकरण आले. २६ जानेवारी २०१६ पासून ते लागू आहे. संरक्षण, प्रवास आणि निर्वाहाचा खर्च, गरज पडल्यास स्थलांतर, हे सगळे त्यात आहे. आपल्यापैकी किती कार्यकर्त्यांनी हे कलम १५-अ वाचले आहे? किती साक्षीदारांच्या घरी आपण निषेध मोर्चा संपल्यावर पुन्हा गेलो?

खरी पुनर्निर्मिती

ज्या वर्षी नवा 'जंजीर' पडला, त्याच २०१३ मध्ये नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' महोत्सवांत दाखवला गेला. त्यात ना वर्दी, ना सुपरस्टार. शेवटी जब्या दगड भिरकावतो आणि तो थेट आपल्यावर येतो. १९७२ च्या रागाचा वारसा शोधायचा असेल, तर तो त्या दगडात आहे.

त्या दुपारी मी चाचांना म्हणालो, "धारवाली गेली, कारण आता सिनेमावाल्यांना ती दिसतच नाही."

चाचा जाळ्याची गाठ मारत म्हणाले, "त्यांना नसंल दिसत. इथं बंदरावर कोयत्यांना धार लावायला अजून येतात की."

येतात. धार लावणारे, बर्फ फोडणारे, मासळी निवडणाऱ्या बाया, खलाशी, सगळे रोज काही ना काही पाहत असतात. ते बोलतील तेव्हा त्यांच्या शेजारी उभे राहायला आपण असू का, एवढाच प्रश्न आहे. बंबईचा नायक त्यांच्यासाठी येणार नाही.

जय भीम!