जगदंबा-उपासना, बुलढाणा जिल्ह्यातील

वऱ्हाडातील देवी-उपासनेची एक परंपरा. जगदंबा म्हणजे जगाची माता. ही संज्ञा एकाच देवीपुरती मर्यादित नसून दुर्गा, भवानी, रेणुका, काली, चामुंडा इ. रूपांना ती सामान्यपणे लावली जाते. या रूपांत मातृत्व आणि उग्रता यांचा एकत्र वास कल्पिलेला आहे. असुरांचा संहार करणारी देवी हीच भक्तांची आई असल्यामुळे तिच्या पूजाविधीला दोन अंगे प्राप्त झाली : तिचे सामर्थ्य जागविणे आणि कार्यसिद्धीनंतर तिचा कोप शमविणे. दुसरे अंग बहुतेक ठिकाणी पूजेच्या अखेरीस एखाद्या लहानशा विधीत सामावलेले असते. बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव येथे मात्र त्याला स्वतंत्र उत्सवाचे स्वरूप आले असून तो ‘शांती-उत्सव’ या नावाने ओळखला जातो.

पुराणकथा : देवीच्या उग्र रूपाचा प्रमुख आधारग्रंथ देवीमाहात्म्य अथवा दुर्गासप्तशती हा होय. मार्कंडेयपुराणातील ८१ ते ९३ या तेरा अध्यायांत तो आलेला असून त्याची रचना सामान्यतः इ. स. पाचव्या-सहाव्या शतकांत झाली असे मानतात. राज्य गमावलेला सुरथ राजा आणि आप्तांनी घराबाहेर काढलेला समाधी नावाचा वैश्य यांना मेधस ऋषी देवीचे चरित्र सांगतात, अशी त्याची मांडणी आहे. मधु-कैटभ, महिषासुर आणि शुंभ-निशुंभ यांच्या वधाच्या कथा त्यात क्रमाने येतात. महिषासुराने स्वर्ग जिंकल्यावर सर्व देवांच्या तेजातून देवी प्रकट झाली. प्रत्येक देवाने तिला आपले आयुध दिले व हिमालयाने सिंह दिला. रेड्याच्या देहातून अर्धवट बाहेर पडलेल्या महिषाचा तिने शिरच्छेद केला. पुढे चंड-मुंडांशी झालेल्या युद्धात अंबिकेच्या क्रोधाने काळवंडलेल्या ललाटातून काली निघाली. त्या दोघांचा वध केल्यामुळे तिला चामुंडा हे नाव मिळाले. रक्तबीजाच्या रक्ताच्या प्रत्येक थेंबातून नवा असुर उत्पन्न होई. ते रक्त भूमीवर पडू न देता चामुंडेने प्राशन केले.

संहाराच्या या वर्णनाइकाच त्याचा शेवट लक्षणीय आहे. शुंभाचा वध होताच आकाश निर्मळ झाले, नद्या आपापल्या मार्गाने वाहू लागल्या, वारे सुखकर झाले आणि यज्ञाग्नी शांतपणे प्रज्वलित झाले, असे ग्रंथकार सांगतो. लिंगपुराणातील कथा याही पुढे जाते. दारुकासुराच्या वधानंतर कालीचा क्रोधाग्नी शमेना व जग व्याकुळ झाले. तेव्हा शिवाने बालरूप घेऊन श्मशानात रडण्यास आरंभ केला. कालीने त्याला उचलून स्तनपान दिले आणि दुधाबरोबर त्या बालकाने तिचा क्रोधही पिऊन टाकला. उग्र देवीला शांत करण्याचे सामर्थ्य तिच्या मातृत्वातच आहे, हा या कथेचा आशय होय.

ऐतिहासिक विकास : महिषमर्दिनीच्या कुशाणकालीन प्रतिमा मथुरा परिसरात सापडल्या आहेत. मध्य प्रदेशातील उदयगिरी येथील गुप्तकालीन लेण्यांतही तिची शिल्पे असून तेथील एक लेख इ. स. ४०१-०२ मधील आहे. बुलढाणा जिल्ह्याच्या शेजारच्या प्रदेशात वेरूळच्या रामेश्वर (क्र. २१) व रावण की खाई (क्र. १४) या लेण्यांत महिषमर्दिनी आणि सप्तमातृका कोरलेल्या आहेत. मातृकापटातील काही देवींच्या जवळ बालके दिसतात, तर चामुंडा अस्थिपंजर देहाची दाखविण्याचा संकेत आहे. पालन आणि मृत्यू यांची ही सांगड शिल्पकारांनी एकाच रांगेत घातली. तेराव्या शतकात यादवांचा मंत्री हेमाद्री याने चतुर्वर्गचिंतामणी या ग्रंथाच्या व्रतखंडात व्रतांचे शास्त्रोक्त विवेचन केले.

शास्त्रोक्त परंपरेच्या बरोबरीने ग्रामदेवतांचा प्रवाह वाहत राहिला. दा. ध. कोसंबी यांनी मिथ अँड रिअॅलिटी (१९६२) या ग्रंथात म्हसोबा या ग्रामदेवतेचा महिषासुराशी संबंध दाखविला आहे. पुराणात देवीच्या हातून मारला जाणारा महिष ग्रामीण महाराष्ट्रात शेंदूर लावून पुजला जातो आणि क्वचित देवीचा पतीही मानला जातो. देवीच्या कथांमागे निरनिराळ्या उपासक-समूहांचा संघर्ष व समन्वय असावा, असे यावरून दिसते.

स्थाने : अजिंठ्याच्या डोंगररांगेमुळे जिल्ह्याचे वरचा बालाघाट आणि खालचा पयनघाट असे दोन भाग पडतात. बालाघाटावरील चिखली येथे रेणुकेचे स्थान असून चैत्र पौर्णिमेला तिची यात्रा भरते. रेणुकेचे महाराष्ट्रातील मुख्य पीठ नांदेड जिल्ह्यातील माहूर हे होय. जमदग्नीच्या आज्ञेवरून परशुरामाने मातेचा शिरच्छेद केला व वर मागून तिला पुन्हा जिवंत केले, ही तिची कथा महाभारताच्या वनपर्वात आली आहे. येथे शस्त्र देवीच्या हाती नसून तिच्यावरच चालविलेले आहे. तरीही लोकमानसात ती कोपणारी आणि रक्षण करणारी माता म्हणूनच प्रतिष्ठित झाली. माहूरला तिचा केवळ मुखवटा पुजला जातो. शिरोहीन मातृदेवतेच्या प्रतिमांचा आणि या कथेचा अनुबंध रा. चिं. ढेरे यांनी लज्जागौरी (१९७८) या ग्रंथात उलगडला आहे.

लोणार येथील उल्कापाती सरोवराच्या काठी कमळजा देवीचे मंदिर असून नवरात्रात तेथे भाविकांची गर्दी होते. स्थलपुराणानुसार विष्णूने दैत्यसूदन रूपाने लवणासुराचा येथे वध केला आणि सरोवराचे खारे पाणी हे त्या असुराचे रक्त होय. असुरवधाचे श्रेय विष्णूकडे गेले असले, तरी पाण्याचा काठ मात्र देवीकडे राहिला.

पूजाविधी : आश्विन शुद्ध प्रतिपदेला घटस्थापना होते. मातीत धान्य पेरून त्यावर कलश ठेवतात, अखंड नंदादीप लावतात आणि रोज एक माळ चढवितात. अष्टमीला होमहवन, नवमीला शस्त्रपूजा व दशमीला सीमोल्लंघन होते. रुजलेले धान्य हे देवीच्या सर्जनशक्तीचे, तर शस्त्र हे संहारशक्तीचे प्रतीक होय. घरच्या मंगलकार्यानंतर घालण्यात येणाऱ्या गोंधळात संबळ, तुणतुणे व दिवटी यांच्या साथीने देवीला आवाहन करतात. रेणुकेचे उपासक रेणुराई आणि तुळजाभवानीचे कदमराई असे गोंधळ्यांचे दोन वर्ग आहेत.

याच काळात वऱ्हाडातील मुली भुलाबाई मांडतात. भाद्रपद पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत भुलाबाई-भुलोबांच्या मातीच्या मूर्तींसमोर गाणी म्हणतात आणि खिरापत ओळखण्याचा खेळ खेळतात. येथे तीच शिवपत्नी माहेरी आलेली लेक असते. एकाच घरात घटाजवळ शस्त्रधारिणी आणि ओसरीवर माहेरवाशीण, अशी देवीची दोन्ही रूपे नांदतात.

कोप आणि शमन : देवीच्या कोपाची कल्पना केवळ पौराणिक नव्हती. मराठीत एका जीवघेण्या साथरोगाचे नावच ‘देवी’ असे पडले. पटकीची साथ हा मरीआईचा कोप मानला गेला. रुग्णाच्या अंगात देवी आली आहे, या समजुतीमुळे त्याच्या भोवती कडुनिंबाचा पाला ठेवीत आणि दहीभाताचा थंड नैवेद्य दाखवीत. साथ गावाबाहेर जावी म्हणून मरीआईचा गाडा वेशीपलीकडे नेत. भारतात देवीचा अखेरचा रुग्ण १९७५ मध्ये आढळला आणि १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या रोगाचे जगातून उच्चाटन झाल्याचे जाहीर केले. रोग गेला, मात्र लस टोचण्याला लाभलेला ‘देवी काढणे’ हा शब्दप्रयोग भाषेत उरला.

या शमनाची किंमत कोणी द्यावयाची, हा प्रश्न देवी-उपासनेच्या इतिहासात महत्त्वाचा आहे. कालिकापुराणात पशुबलीचे सविस्तर वर्णन असून कोहळा व ऊस हेही बलिद्रव्य म्हणून सांगितले आहेत. कोहळा कापण्याच्या रूढीला या परंपरेचा आधार मिळतो. मनुष्याच्या वाट्याला आलेली किंमत अधिक कठोर होती. कोरड्याने स्वतःच्या अंगावर आसूड ओढणारा पोतराज आणि यल्लमा-रेणुकेला वाहिलेल्या मुली हे प्रामुख्याने दलित व निर्धन समाजातील असत. गावाचे संकट टळावे म्हणून एका दुर्बल घराने देह झिजवावा, ही प्रथा धर्माच्या नावाने टिकली. मुली वाहण्याच्या प्रथेविरुद्ध मुंबई प्रांतात १९३४ मध्ये आणि महाराष्ट्र राज्यात २००५ मध्ये कायदा करण्यात आला. नरबळी व अघोरी प्रथांविरुद्धचा राज्याचा कायदा २०१३ मधील आहे.

शांती-उत्सव : पयनघाटातील खामगाव हे एकोणिसाव्या शतकात कापसाची मोठी बाजारपेठ म्हणून पुढे आलेले शहर. तेथील जलालपुरा भागात कोजागरी पौर्णिमेला जगदंबेच्या भव्य मूर्तीची स्थापना होते. ‘मोठी देवी’ या नावाने ती प्रसिद्ध आहे. अन्यत्र देवीचा उत्सव दसऱ्याला संपत असताना येथे तो त्यानंतर सुरू होऊन सुमारे दहा दिवस चालतो व विसर्जन-मिरवणुकीने संपतो. नवरात्रात महिषासुराशी लढून संतप्त झालेल्या देवीला शांत करण्यासाठी हा उत्सव असतो, अशी त्यामागील श्रद्धा आहे.

याच्याशी जुळणारी रीत धाराशिव जिल्ह्यातील तुळजापूरला आढळते. तेथील अष्टभुजा महिषासुरमर्दिनी भवानीची मूर्ती सीमोल्लंघनानंतर पलंगावर निजवितात. ही श्रमनिद्रा पौर्णिमेपर्यंत चालते. भुलाबाईची सांगता, तुळजाभवानीच्या निद्रेची समाप्ती आणि खामगावच्या उत्सवाचा आरंभ या तिन्ही गोष्टी आश्विन पौर्णिमेशी निगडित आहेत. पावसाळा सरून पीक हाती येण्याचा हा काळ होय. तुळजापूरला देवीला विश्रांती देऊन आणि खामगावला तिचा उत्सव करून जो हेतू साधला जातो, तो एकच आहे : जिने शस्त्र उचलले, तिचे शस्त्र खाली ठेवविणे हे भक्ताचे काम आहे. त्यासाठी रक्त नव्हे, तर आदर पुरेसा आहे, ही जाण या उत्सवाच्या नावातच व्यक्त झाली आहे.